गुणून पंधरा, मिळवून आठ

लेक पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, धारवाडला हॉस्टेलवर गेली, त्या वर्षी मी दहावीला बसायचं ठरवलं. घरात आम्ही तिघंच उरलो होतो. नवरा, मी आणि नवऱ्याची थोरली बहीण. तिला सगळी गल्ली आक्का म्हणते, म्हणून मीही आक्काच म्हणत आले.

आमचं घर वडगावात, सीमाभागातल्या विणकरांच्या वस्तीत. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, मध्ये एक अरुंद खोली, मागे स्वयंपाकघर. मी सांबऱ्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन आले तेव्हा मागाच्या आवाजाने माझं डोकं दुखायचं, आणि माहेरी गेले की आई म्हणायची, अगं हळू बोल, आम्ही बहिरे नाही. आता तो आवाज कानाला कळतही नाही. तो थांबला की मात्र कळतं. करंट गेला की सगळी गल्ली एकदम गप्प होते आणि चार घरं पलीकडच्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येते.

दहावीचं निमित्त साधं होतं. आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या मदतनीस बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी दहावी पास बाई हवी होती. मी नववी झाल्यावर शाळा सोडली होती. आई अंथरुणाला खिळली, आणि भावांना जेवायला घालायला घरात दुसरं कुणी नव्हतं. आई नंतर बरी झाली, पण तोवर माझ्या वर्गातल्या मुली पुढे निघून गेल्या होत्या आणि मला स्थळं यायला लागली होती.

नवऱ्याला विचारलं तर तो मागावरून मान वळवून म्हणाला, "बस की. कोण न्हाय म्हणतंय?"

आक्का तिथेच कांड्या, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या, भरत बसल्या होत्या. भरलेली कांडी काढून त्यांनी नवी लावली.

आक्कांचे यजमान वारले आणि त्या माहेरी परत आल्या, त्याला बरीच वर्षं झाली. त्यांना मूलबाळ नव्हतं. आल्या दिवसापासून त्यांनी सकाळचा स्वयंपाक आणि कांड्या भरायचं काम हातात घेतलं. आम्ही दोघी कधी भांडलो नाही, पण बोलायचोही तेवढ्यापुरतंच. मीठ संपलंय. गॅस लावलाय. नळाला पाणी आलंय. त्यांच्या समोर मला नेहमी वाटायचं, हे घर त्यांचं आणि मी पाहुणी. त्यांना काय वाटायचं, ते मी कधी विचारलं नाही.

गल्लीच्या टोकाला बी.एड. करणारी एक मुलगी राहायची. माझ्या लेकीला ती लहानपणी शिकवायची. मी विचारलं तर लगेच हो म्हणाली. रोज दुपारी यायची, मधल्या खोलीत कॉटवर बसायची, मी खाली चटईवर. मला काकू म्हणायची. मी तिला टीचर म्हणायला लागले तेव्हा ती लाजली, मग तिला सवय झाली.

मराठी, समाज, विज्ञान वाचून जमण्यासारखं होतं. गणिताची मात्र तिने नववीपासून सुरुवात केली. म्हणाली, पाया कच्चा असला तर दहावीचं एक पान पुढे सरकणार नाही. पहिल्या दिवशी तिने वहीत लिहिलं:

(x + 3)(x + 5)

"ही द्विपदी. दोन पदं हाईत म्हणून द्विपदी. ही दुसरी द्विपदी. दोघींचा गुणाकार करा."

मी x ला x ने गुणलं, तीनला पाचने गुणलं आणि x² + 15 लिहून वही तिच्यापुढे सरकवली.

तिने थोडा विचार केला. "काकू, या घरातल्या दोघी त्या घरी हळदीकुंकवाला गेल्या. त्या घरात पण दोघी हाईत. कोण कुणाला कुंकू लावणार?"

"ह्या घरातली प्रत्येक जण त्या घरातल्या प्रत्येकीला."

"मग तुमच्या x नं x ला लावलं. तीननं पाचला लावलं. पण x नं पाचला लावलंच न्हाय, आन् तीननं त्या x ला लावलं न्हाय. दोघी रुसून बसल्या."

मी हसले आणि पुन्हा केलं. x², मग 5x, मग 3x, मग पंधरा. पाच आणि तीन मिळून आठ. x² + 8x + 15. मधलं पद कुठून येतं, ते मला त्या दिवशी कळलं. शाळेत ते सूत्र म्हणून पाठ केलेलं होतं आणि सूत्र विसरलं की सगळंच विसरायचं.

त्यानंतर मला गुणाकाराचं वेडच लागलं. भाजी चिरून झाली की एक गणित, कपडे वाळत घालून आले की दुसरं. द्विपदीचा वर्ग केला, उणे चिन्हांची गणितं केली. (a + b)(a − b) केलं तेव्हा मधली दोन्ही पदं एकमेकांना खाऊन गेली आणि नुसतं a² − b² उरलं, ते बघून मी टीचर यायच्या आधीच तिच्या दारात वही घेऊन गेले. ती केस विंचरत होती. म्हणाली, "काकू, बरोबर हाय. आता घरी जावा, मी येतोच." आमच्या गल्लीत बायकाही 'येतो', 'जातो'च म्हणतात.

आक्का हे सगळं बघत होत्या. एकदा मी गणितात अडकले असताना स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाल्या, "भात लागलाय खाली." तो खरंच लागला होता.

मग अवयवांचा धडा आला.

'अवयव पाडा' असं पुस्तकात लिहिलेलं. अवयव हा शब्द मला विज्ञानाच्या पुस्तकातला माहीत होता, हृदय, फुप्फुस, जठर. टीचर म्हणाली, तसंच आहे, ही राशी कशाकशाची बनलीय ते शोधायचं. आधी दोन कंस गुणून तुम्ही लांबलचक राशी केलीत, आता राशी दिलीय, तिचे दोन कंस करा. ऐकायला सोपं होतं. पण मला ते जमेना. तयार भाकरी हातात देऊन पीठ किती आणि पाणी किती ते वेगळं काढून दे म्हणावं, तसं मला वाटायचं. ती समजावून सांगायची तेव्हा मी मान हलवायचे. ती गेली की पान कोरं राहायचं. अंदाजाने कंस लिहायचे, गुणून बघायचे, चुकायचं, खोडायचे.

तेवढ्यात टीचरला सराव पाठांसाठी निपाणीकडच्या एका शाळेत जावं लागलं. काही आठवडे तिकडेच मावशीकडे राहणार होती. जाताना मला दोन पानं गणितं लिहून देऊन गेली. सगळी अवयवांची. पहिलं होतं, x² + 8x + 15.

आज हसू येतं. ते माझंच गणित होतं, पहिल्याच दिवशी मी केलेलं, पण उलटीकडून मी त्याला ओळखलंच नाही.

दोन-तीन दिवस मी त्या पानाकडे बघून वही मिटत होते. एका दुपारी ठरवलं, आता सोडून द्यावं. अंगणवाडीत कुणीही जाईल, जगात काही अडणार नाही. नवरा सूत आणायला बाहेर गेला होता. आक्का पुढच्या खोलीत यंत्रावर कांड्या भरत होत्या. करंट गेला. यंत्र थांबलं. गल्ली गप्प झाली. आक्का उठून पाणी प्यायला आत आल्या आणि मला बघून दारातच थांबल्या.

"अडलंय काय गं?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला असं विचारल्याचं आठवत नव्हतं. मी नुसती वही त्यांच्याकडे फिरवली.

त्या खाली बसल्या. चष्मा नव्हता, म्हणून वही लांब धरली. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गुणून पंधरा, मिळवून आठ. तीन आन् पाच."

"कसं काय आक्का?"

"पंधराचं दुसरं काय करणार तू? एक आन् पंधरा, न्हायतर तीन आन् पाच. एक आन् पंधरा मिळवलं तर सोळा होतंय. ते चालत न्हाय. मग ऱ्हायलं काय?"

"पण गुणून पंधरा, मिळवून आठ, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ती पोरगी रोज सांगत न्हवती व्हय तुला? मला ऐकू येत न्हाय काय?" मग थोड्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण त्या तीन आन् पाचाचं पुढं काय करायचं, ते कळलं न्हाय. ती सांगायची, तवर करंट यायचा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. करंट गेलेल्या दुपारी, यंत्र बंद पडल्यावर, त्या पुढच्या खोलीत बसून माझा तास ऐकत होत्या. माग सुरू झाले की उरलेलं बुडून जायचं. अर्धा धडा त्यांच्याकडे होता.

पुढचं मला माहीत होतं. मी लिहिलं, (x + 3)(x + 5). मग त्यांच्यासमोर गुणून दाखवलं, हळदीकुंकवाची गोष्ट सांगत. x², पाच x, तीन x, पंधरा. पाच आणि तीन, आठ. वरची राशी आणि खालची राशी सारखी झाली.

"आलं की गं," आक्का म्हणाल्या.

आम्ही पुढचं गणित घेतलं. x² + 7x + 12. त्यांनी बोटांवर बाराच्या जोड्या मोडल्या, एक-बारा, दोन-सहा, तीन-चार. "तीन-चार," म्हणाल्या. मी कंस लिहिले आणि गुणून ताळा केला. करंट येईपर्यंत अर्धं पान झालं. यंत्र सुरू झालं तेव्हा त्या उठल्या, पण जाताना म्हणाल्या, "उरलेली उद्या करूया."

असा आमचा अभ्यास सुरू झाला. आकडे हुडकायचे त्यांनी, गुणून पडताळायचं मी. मी जोड्या शोधायला गेले की मला पहिलीच जोडी बरोबर वाटायची. त्यांना गुणाकार लिहायला सांगितला की मधलं एखादं पद सुटायचं आणि कुणीतरी रुसून बसायची. करंटची वाट बघणं आम्ही लवकरच सोडलं. दुपारची जेवणं झाली की त्या स्वतःच यंत्र बंद करायच्या. नवऱ्याने एकदा विचारलं, कांड्या कमी का पडतात. आक्का म्हणाल्या, "दुपारी मला काम असतंय." त्याने पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी तास-दोन तास तो स्वतः कांड्या भरायला बसू लागला.

खरी अडचण उणे चिन्हाची आली. x² − 8x + 15. आक्का म्हणाल्या, "गुणून पंधरा, मिळवून उणे आठ. म्हंजे उणे तीन आन् उणे पाच." बरोबर होतं. पण लगेच त्यांनी पेन खाली ठेवलं. "दोघंबी उणे. मग गुणून अधिक पंधरा कसं आलं?"

"उणे गुणिले उणे अधिक. नियमच आहे तसा."

"नियम म्हणून सांगू नको. शाळेत पण असंच सांगितलेलं. पटलं न्हाय तवा, आन् आता पण पटत न्हाय."

त्या दिवशी तिथेच थांबलो. रात्री भाकरी करताना माझ्या डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हटलं, "आक्का, x च्या जागी दहा घालूया. दहातून तीन गेले?"

"सात."

"दहातून पाच गेले?"

"पाच."

"सात पाचे?"

"पस्तीस."

"आता कुंकू लावूया. दहा दाहे शंभर. दहा आणि उणे पाच, उणे पन्नास. उणे तीन आणि दहा, उणे तीस. शंभरातून ऐंशी गेले, किती उरले?"

"वीस."

"पण उत्तर पस्तीस आहे हे आपल्याला ठाऊक आहे. मग उणे तीन आणि उणे पाच यांचं किती यायला पाहिजे?"

त्यांचे ओठ हलत होते. दोनदा पहिल्यापासून मोजलं. मग म्हणाल्या, "पंधरा. अधिक." आणि थोड्या वेळाने, "बरं. मग हाय म्हणायचं."

त्या दिवशी मला फार बरं वाटलं. मी कुणालातरी काहीतरी शिकवलं होतं, आणि ते पाठ केलेलं नव्हतं, मला माझं सुचलेलं होतं.

याच दिवसांत कधीतरी आक्कांनी स्वतःचं सांगितलं. त्या कन्नड शाळेत शिकल्या होत्या. घरात मराठी, पण मुलींची शाळा जवळ होती ती कन्नड, म्हणून तिथे घातलं. "आमच्या टीचर अपवर्तन म्हणायच्या. तू अवयव म्हणतीस. सुरुवातीला मला वाटलं, काय दुसरंच चाललंय." नववीपर्यंत गणितात त्यांचे मार्क चांगले होते. "नववी पास झालो. मग वडलांनी दुसरा माग घेतला. कांड्या भरायला माणूस पायजे होतं." एवढंच. आवाजात राग नव्हता. गणित करता करता, मधल्या पदाची फोड करत, त्यांनी ते सांगून टाकलं. मी पण माझं सांगितलं, आईच्या आजारपणाचं. त्यांना ते माहीत नव्हतं. एका घरात इतकी वर्षं राहून दोघींना एकमेकींची नववी माहीत नव्हती.

मी म्हटलं, "तुम्ही पण बसा परीक्षेला."

"ह्या वयात? खुळी का काय?"

"मी बसतेच आहे की."

"तुला नोकरी पायजे. मला काय करायचंय?"

तो विषय त्यांनी तिथे संपवला. पण रविवारी लेक धारवाडहून आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती मैत्रिणींकडे फिरून दहावीचं कन्नड माध्यमाचं गणिताचं जुनं पुस्तक घेऊन आली आणि आत्याच्या मांडीवर ठेवलं. आक्कांनी ते उघडलं. माझं मराठी पुस्तक शेजारी होतं. दोन्ही पुस्तकांत पान तेच, आकृती तीच, उदाहरणाचा क्रमांकही तोच. मजकूर तेवढा वेगळ्या लिपीत. x² तसाच, कंस तसेच. आक्का एकदा या पानाकडे, एकदा त्या पानाकडे बघत राहिल्या.

लेक म्हणाली, "आत्या, तू कन्नडमधनं लिही, आई मराठीतनं लिहील. उत्तर एकच येतंय की."

आक्का पुस्तकावरून हात फिरवत म्हणाल्या, "इंग्रजीचं काय करायचं? मला ते येत न्हाय."

त्यावरून आम्ही ओळखलं की त्या बसणार.

टीचर परत आली तेव्हा चटईवर दोन विद्यार्थिनी होत्या. तिने एकेक पान उलटत आमचं काम तपासलं. मग म्हणाली, "मी तिकडं निपाणीला चाळीस पोरांना अवयव शिकवूलालतो. मला वाटलं, काकूंनी सोडलं असणार." त्या दिवसापासून तिने आक्कांना फळ्याजवळ उभं करायला सुरुवात केली. फळा म्हणजे कपाटाचं दार. हिरवं होतं आणि खडू उठायचा.

आक्का विचार करायला झटपट होत्या, लिहायला फार सावकाश. हाताला पेनाची सवयच राहिली नव्हती. वेळ लावून सराव घेतला की त्यांची शेवटची गणितं राहायची. मग त्या चिडायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या भाजीत तिखट जास्त पडायचं. इंग्रजीत तर दोघींची दाणादाण. टीचरने उतारे पाठ करायला दिले. आक्का भांडी घासताना ते मोठ्याने म्हणायच्या, आणि नवरा मागावरून ओरडून विचारायचा, "कुणासंगं बोलूलाईस आक्का?"

परीक्षेचं केंद्र शहापुरातल्या एका शाळेत आलं. दोघींना सोडायला नवरा मोटारसायकल घेऊन येतो म्हणत होता, पण तिघं कशी बसणार, म्हणून आम्ही दोघी रिक्षाने गेलो. सगळीकडे गणवेशातली मुलं. एका मुलाने आक्कांना विचारलं, "आजी, नातवाला सोडायला आलाय?" आक्का म्हणाल्या, "न्हाय रं बाळा, पेपर लिवायला." तो बाजूला झाला आणि त्याने वाट करून दिली. माझी खोली मराठी माध्यमाची, वरच्या मजल्यावर. त्यांची कन्नड माध्यमाची, खाली, मैदानाकडेची. जिन्यापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "घाई करू नको." मला म्हणत होत्या की स्वतःला, कोण जाणे.

गणिताच्या पेपराला मी भूमितीची दोन गणितं बघूनच सोडली. मग एक वर्गसमीकरण आलं, अवयव पाडून सोडवायचं. मधल्या पदाची फोड करायची होती आणि नेहमीप्रमाणे पहिली सुचलेली जोडी चुकली. तेव्हा मी आक्का करतात तसं केलं. कोपऱ्यात एकाखाली एक सगळ्या जोड्या लिहिल्या, एकही न सोडता, आणि प्रत्येकीची बेरीज केली. चौथ्या जोडीला जमलं. कंस लिहिले, गुणून बघितलं, बरोबर आलं. तिथून पुढे मी न थांबता लिहीत गेले. पुढचं एक गणित मात्र मी बरोबर सोडवून शेवटच्या पाच मिनिटांत चिन्ह बदललं आणि चुकवलं. बाहेर आल्यावर ते लक्षात आलं.

आक्का मैदानातल्या झाडाखाली उभ्या होत्या. बोटांना शाई लागलेली. मी चिन्हाचं सांगितलं तर म्हणाल्या, "झालं ते झालं. माझं शेवटचं पानच ऱ्हायलं." मग रिक्षात बसल्यावर, बऱ्याच वेळाने, "पण अवयवाचं एक बी सोडलं न्हाय."

निकाल लेकीने मोबाइलवर बघितला आणि धारवाडहून फोन केला. मी पास झाले होते. गणितात काठावरून थोडेच वर. आक्कांचे गणितात माझ्याहून कितीतरी जास्त मार्क होते. इंग्रजीत मात्र त्या नापास झाल्या होत्या. लेकीला ते सांगायला जड जात होतं. आक्का शेजारीच होत्या, त्यांनी फोन हातात घेतला. "गणितात किती म्हणालीस? परत सांग." तिने परत सांगितलं. आक्कांनी मान हलवली आणि फोन माझ्याकडे दिला.

त्या संध्याकाळी नवऱ्याने खव्याचा कुंदा आणला. आधी बहिणीला दिला, मग मला.

पुन्हा इंग्रजीला बसायचं नाही म्हणून आक्का हटून बसल्या होत्या. "मला पायजे होतं ते मिळालं," म्हणाल्या. मी जोर केला नाही. पण पुढच्या फेरीचे अर्ज सुटले तेव्हा नवऱ्याने कुणाला न विचारता त्यांचा अर्ज भरून टाकला. आक्का त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी इंग्रजीचं पुस्तक काढलं. त्या फेरीतही इंग्रजी राहिलं. त्याच्या पुढच्या फेरीत निघालं.

आमच्या गल्लीतली अंगणवाडीची जागा माझा निकाल लागायच्या आधीच भरली होती. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पुढच्या वर्षी मच्छे गावाच्या बाजूला एक जागा निघाली आणि तिथे माझी निवड झाली. सकाळी बसने जाते, दुपारी परत येते. लहान मुलांची तोंडं पुसते, उसळ वाढते, गाणी म्हणून घेते. अंगणवाडीच्या बाई रजेवर असल्या की मीच मुलांची बाई होते. मला ते काम आवडतं.

घरी आले की बहुतेक दुपारी मधल्या खोलीत नववीच्या दोन-तीन मुली बसलेल्या असतात. आक्का त्यांना फक्त अवयव शिकवतात, बाकी काही नाही. कन्नड शाळेतली असो, मराठी शाळेतली असो, कपाटाच्या हिरव्या दारावर लिहायला लावतात. कुणी नियम म्हणून सांगितलं की म्हणतात, "x च्या जागी दहा घाल आन् दाखीव मला."

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी टीचर सहज आली होती. आता ती संकेश्वरच्या एका शाळेत शिकवते. आक्कांनी तिला दारावरचं एक गणित दाखवलं, कधीपासून पुसलं नव्हतं. x² + x + 1.

"गुणून एक, मिळवून एक. सगळ्या जोड्या बघितल्या. उणे पण बघितलं. पडतच न्हाईत ह्येचं अवयव."

टीचर म्हणाली, "बरोबर हाय आक्का. न्हाईत पडत. दहावीत आपण मुळं वास्तव नाहीत असं लिवून सोडतो."

"न्हाईत म्हंजे? कुठंच न्हाईत?"

"हाईत. पण ते आकडे वेगळे असतात. पुढं पीयूसीत शिकवतात."

आक्का दाराकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, पीयूसीला प्रायव्हेट बसता येतं काय. मला माहीत नव्हतं. टीचर म्हणाली येतं, विषय निवडताना नीट बघावं लागेल, उद्या चौकशी करून सांगते. आक्का बरं म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. टीचरने पर्समधून पेन काढलं आणि कुणाला विचारायचं ते तळहातावर लिहून घेतलं. सकाळची बस चुकू नये म्हणून मी दुसऱ्या दिवशीचा डबा संध्याकाळीच भरायला घेतला होता, पण तो तसाच ठेवून मी पण चटईवर बसले. पीयूसीला मीही बसायचं म्हणतेय, पण गणित घ्यायचं की नाही, हे मला अजून ठरवायचंय. आक्कांचं ठरलंय.